फुकट गेमचं बिल कोण भरतं?

“मामू, गेम तर फ्री आहे!”

आपाच्या खात्यातून दोन महिन्यांत साडेचार हजार रुपये गेले, तेव्हा नववीतल्या भाच्याने मला हेच उत्तर दिलं. तो खोटं बोलत नव्हता. डाउनलोडला एक रुपयाही लागला नव्हता. पैसे गेले ते शंभर-दोनशेच्या तुकड्यांनी, बंदुकीचा रंग बदलायला आणि बंद पेट्या उघडायला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेम बनवत नाही, पण कुठलं बटण कुठे ठेवलं की माणूस ते दाबतो, याचे आकडे रोज बघतो. म्हणून सांगतो, दोष एकट्या पोराचा नाही. धंद्याची रचनाच तशी आहे.

जुना हिशोब सरळ होता. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची अमेरिकेतली वर्गणी महिन्याला १४.९९ डॉलर. २०१० मध्ये जगभरात त्याचे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. वर्गणीवाले साधुसंत नव्हते. महिना वाढावा म्हणून तेही खेळ रेंगाळत ठेवायचे. पण किंमत दारावरच लिहिलेली होती. आवडलं नाही तर वर्गणी बंद.

मग दार फुकट झालं. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्स ऑनलाइन’ने २०१० मध्ये सक्तीची वर्गणी सोडली, ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ने २०१२ मध्ये. या पद्धतीत बहुतेक जण काहीच देत नाहीत, मूठभर लोक भरपूर देतात. धंद्यात त्यांना ‘व्हेल’ म्हणतात. आणि फुकट खेळणारे? ते प्रेक्षक. ते नसतील तर सोनेरी बंदूक मिरवायची कुणापुढे?

आधी रुपयांचे कॉइन करायचे, म्हणजे किंमत डोक्यात राहत नाही. मग घड्याळ लावायचं: ‘ऑफर आज संपणार!’ शेवटी बंद पेटी. आत काय आहे ते पैसे भरल्यावर कळणार. आपल्या मोहल्ल्यात याला जुगार म्हणतात. बेल्जियमच्या गेमिंग कमिशननेही २०१८ मध्ये अशा काही पेट्यांना जुगारच ठरवलं. ‘फोर्टनाइट’च्या एपिक गेम्सवर फसव्या बटणांतून नकळत खरेदी करवल्याचा आरोप झाला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी २०२२ मध्ये झालेल्या तडजोडीत कंपनीला त्यासाठी २४.५ कोटी डॉलर द्यावे लागले.

कुणी म्हणेल, वर्गणी असती तर आपल्या पोरांना खेळायला तरी मिळालं असतं का? मुद्दा रास्त आहे. महिन्याला हजार रुपये कोण देणार? पण माझी तक्रार फुकट दाराबद्दल नाही, लपवलेल्या किंमतीबद्दल आहे. भाव रुपयांत दाखवा. बंद पेट्या बंद करा. अल्पवयीनांच्या खर्चाला मर्यादा घाला.

कंपन्या आपण होऊन हे करणार नाहीत. तोवर आज रात्री एवढं करा: धाकट्या भावाला शेजारी बसवा, यूपीआयची हिस्ट्री उघडा आणि ‘फ्री’ गेमची बेरीज त्यालाच करायला लावा. मग फोनमधल्या खरेदीला पासवर्ड लावा.