दशांश, ईएमआय आणि पायलीभर तांदूळ

गेल्या रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी परत एकदा अर्पणावर संदेश दिला. देवाला आनंदानं देणारा माणूस आवडतो वगैरे. मी बाकावर बसून डोक्यात गणित करत होतो.. घराचा हप्ता, मुलीची फी, आईच्या गोळ्या. थैली जवळ आली तसा क्यूआर स्कॅन केला, नेहमीचा आकडा टाकला नि सुटलो. दिलं ना? दिलं. आनंदानं? छे! विजेचं बिल भरताना होतो तेवढाच आनंद.

मुळात आनंद असा हुकमावर येतो का? घरी येऊन पौलाचं करिंथकरांना दुसरं पत्र काढलं. आठवा-नववा अध्याय. प्रकरण अगदी व्यवहाराचं आहे. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी जमवायची होती. करिंथ म्हणजे बंदराचं, पैशाचं शहर. वर्षभरापूर्वी त्यांनी मोठ्या उत्साहानं हो म्हटलं आणि मग काम तसंच पडून राहिलं. आपल्या भाषेत, तिकीट वर्षभर 'इन प्रोग्रेस' :-) उलट मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः कंगाल, पण त्यांनी आम्हालाही देऊ द्या म्हणून मागे लागून पैसे दिले. पौल तिथे 'आनंदी' साठी जो ग्रीक शब्द वापरतो तो हिलारोस. इंग्रजीतला हिलॅरियस त्याच्याच कुळातला.

हे मासेदोनियाचे लोक कसे असतील ते मला वाचून कळलं नसतं. मला ते नात्याला भेटले.

२२ जुलै २०२१ ला महाड पुरात बुडालं. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळियेला दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. कोरोनामुळे चर्च बंद, उपासना झूमवर, पण सामान मात्र आवारात जमत होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाच जण टेम्पो घेऊन ताम्हिणीमार्गे निघालो. सामान लावताना कपड्यांचं एक गाठोडं सुटलं. त्यात माझीच जीन्स निघाली, चेन तुटलेली. मी ती दिली होती कारण कपाटात जागा हवी होती. कोणी बघायच्या आत मी ती सीटखाली सारली.

महाडात चिखल उपसणं चाललेलं. तिथून रायगडाच्या रस्त्याला लागलो. (नाते म्हणजे चिंतामणराव देशमुखांचं जन्मगाव, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. हिशेबाला चोख माणूस!) नात्याच्या पुढे चढावर एक वाडी दिसली, म्हणून थांबलो. एक आजी ओसरीवर बसलेल्या. आम्ही किट पुढे केलं.

"आमच्याकडं नाय आलं पानी. म्हाडात न्या," त्या म्हणाल्या.

राहू द्या आजी, आणलंच आहे, असं मी म्हटलं. खरं तर मला टेम्पो रिकामा करून घरी जायचं होतं. त्या आत गेल्या, बाहेर आल्या त्या पायलीभर तांदूळ पिशवीत घालून. "चाललायसा तर ह्ये बी न्या." आमचे चेहरे बघून त्यांना हसू आवरेना. वाटायला आलेल्या माणसांवरच बोजा चढवला याची त्यांना खरोखर गंमत वाटत होती.

त्या हसण्याचा मी बरेच दिवस विचार केला. गरिबी थोर असते असलं काही मला म्हणायचं नाही, ते पगारदारांनी म्हणू नये. पण तो तांदूळ बाहेर काढताना त्यांना काही तुटल्यासारखं वाटलं नव्हतं. माझं तुटतं, कारण मी थैली समोर आल्यावर ठरवतो. तोवर सगळा पगार माझा झालेला असतो. पौलानं पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात यावर साधा उपाय सांगितलाय: आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या कमाईच्या मानानं बाजूला काढून ठेवावं. म्हणजे मी आल्यावर धावपळ नको! आपल्याकडे रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड याच जातीचा. मूठ आधीच वेगळी निघाली की ती आपली राहत नाही, मग द्यायला जड जात नाही.

याच्या उलट टोकाला आपले रेव्हरंड टिळक. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे. त्यांच्या उदारपणाला माझा दंडवत, पण संसार ओढणाऱ्या लक्ष्मीबाईंना मी जास्त मार्क देतो. दुसऱ्याच्या तोंडचा घास देऊन आपण आनंदी राहणं फार सोपं आहे. म्हणून या महिन्यात आकडा बायकोबरोबर बसून ठरवला. पगाराच्या दिवशी तेवढे पैसे वेगळ्या खात्यात टाकले. ऑटो-डेबिट मात्र लावलं नाही. देताना निदान हात तरी हलावा.

आमच्या बाबांकडे ऑटो-डेबिट नव्हतं, बोर्नव्हिटाचा डबा होता. हंगामाच्या सणासाठी ते चार महिने आधीपासून त्यात पैसे टाकत. उपासना संपली की आवारात अर्पणातल्या वस्तूंचा लिलाव. भोपळे, कोंबड्या, अंडी, कोणाचं लोणचं. एका अंड्यावर दोघे वडीलधारे इरेला पेटायचे, अख्खी मंडळी हसून लोटपोट. एका वर्षी बाबांनी आमच्याच परसातला दुधी, जो आम्हीच सकाळी वाहिला होता, साडेचारशेला परत घेतला. आई घरी पोचेपर्यंत बोलत होती. बाबा दुधी काखेत धरून पुढे चालले होते, त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते.