मिसरूड फुटलेल्या पोराचा वाली कोण?

दहावीचा निकाल लागला कीं आमच्या वरवंडांत घरोघर पेढे वाटतात. पेढे संपले कीं बापाचें कामही संपलें! "आतां तो मोठा झाला, त्याचें तो पाहील," असें म्हणून बाप उसाला पाणी द्यावयास जातो, आणि पोरगा सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलांत बांकावर बसूं लागतो. शेतकरी बंधूंनो, नवा खोंड औताला धरतांना त्याच्या जोडीला जुना बैल देतां कीं नाहीं? मग पोटच्या पोराला एकटें कां सोडतां?

पूर्वी लोहाराचें पोर भात्याशीं आणि कुंभाराचें चाकाशीं बसून शहाणें होई. त्यांत जातीची बेडी होती. ती तुटली हें उत्तमच झालें. पण तिच्याबरोबर शेजारीं बसणारें वडील माणूसही गेलें.

ही जागा कशी भरावी हें कर्मवीर भाऊराव पाटलांनीं दाखवून ठेविलें आहे. १९१९ सालीं त्यांनीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह चालू केलें. तेथें मुलें एका पंक्तीस जेवत, स्वतः रांधीत, शेतांत राबत. नुसता उपदेश पाजून तीं मोठीं झालीं नाहींत. अंगावर काम पडलें आणि पाठीशीं अण्णा उभे होते, म्हणून झालीं. लक्ष्मीबाईंनीं तर त्यांच्या अन्नासाठीं दागिने, शेवटीं मंगळसूत्रही मोडलें.

आज मंगळसूत्र मोडा असें कोणी म्हणत नाहीं. माझीच गोष्ट सांगतों. चौथीपर्यंत माझ्या हाताखालीं शिकलेला कुंभाराघरचा एक मुलगा आयटीआयला जाणार होता. जातीच्या दाखल्यासाठीं तीन हेलपाटे झाले. दर वेळीं एक कागद कमी. मीं शाळेच्या दारांतून म्हणालों, "जा रे, मिळेल." मुदत टळली. एक दिवस रजा टाकून बरोबर गेलों असतों तर माझें काय गेलें असतें? आज तो वीटभट्टीवर गाड्या भरतो.

मुलींचें तर विचारूंच नका. अठरा वर्षांच्या आंत लग्न करूं नये असा कायदा आहे. पण सोळावें लागलें कीं आमच्याकडे पाहुण्यांची ये-जा सुरू! तिला काय शिकावयाचें आहे हें तिला कोणी विचारीत नाहीं.

एक करा. यंदा मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं एका हंगामाचा हिशेब द्या: खत, मजुरी, उचल, सारें. चुकलें तर शेजारीं बसून दुरुस्त करा, वही हिसकावून घेऊं नका. निकालानंतरच्या पहिल्या रविवारीं सकाळीं मी शाळेच्या ओट्यावर बसेन. दाखल्यांचे कागद घेऊन या. पोराबरोबर बापानेंही यावें.

— वरवंडचा एक शिक्षक