विश्लेषण : जुन्या कूपेची ‘हॉट रॉड’ घरच्या गॅरेजात कशी बनते? आणि आपल्याकडे ती का बनू शकत नाही?

बॉनेट गायब. मडगार्ड गायब. छप्पर तीन-चार इंच कापून खाली आणलेले, पुढची चाके लहान, मागची मोठी आणि सायलेन्सरमधून येणारी घरघर. मोबाइलवर बोट सरकवताना अशी गाडी तुम्ही एकदा तरी पाहिली असेल. तिला हॉट रॉड म्हणतात. अमेरिकेत ती कारखान्यात नाही, घराशेजारच्या गॅरेजात बनते आणि बनवणारा बहुतेक वेळा शनिवार-रविवारी मोकळा असणारा साधा नोकरदार असतो. श्रीमंतांचा नाद म्हणून हा विषय सोडून देता येईल. पण इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत एकदाही गाडीचे इंजिन स्वतःच्या हाताने बाहेर न काढता पदवी घेतलेल्या आमच्या पिढीला हेवा वाटावा, असे त्यात बरेच काही आहे. आणि त्यातले सर्वांत महत्त्वाचे काम रीलमध्ये दिसतच नाही.

हॉट रॉड आली कुठून?

फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टीच्या दीड कोटी गाड्या बनवल्या. पाठोपाठ आलेल्या मॉडेल एच्या १९३१ पर्यंत जवळपास ४८ लाख. एवढ्या गाड्या म्हटल्यावर जुन्या गाड्या कवडीमोलाने मिळू लागल्या. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी त्या उचलल्या, वजन कमी करण्यासाठी मडगार्ड, पायदान, बंपर काढून फेकले आणि मोहावी वाळवंटातल्या म्युरॉक, एल मिराजसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट तळावर वेग मोजायला सुरुवात केली.

१९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन दिले. मॉडेल एची ताकद ४० अश्वशक्ती होती, नव्या इंजिनाची ६५. आज हे आकडे हास्यास्पद वाटतात, पण गाडी हलकी होती. या १९३२ च्या फोर्डला ‘ड्यूस’ म्हणतात आणि तिची दोन दारांची, पक्क्या छपराची कूपे ही या छंदातल्या सर्वांत लाडक्या गाड्यांपैकी एक. १९३७ मध्ये वेग मोजणाऱ्या क्लबांची संघटना झाली. महायुद्धानंतर विमाने आणि रणगाडे दुरुस्त करून घरी परतलेल्या तरुणांच्या हातात कसब होते आणि खिशात थोडे पैसेही. जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक आला आणि पुढच्याच वर्षी युटाच्या बॉनव्हिल मिठागरावर स्पीड वीक सुरू झाला.

‘पारंपरिक’ म्हणजे काय?

पारंपरिक हॉट रॉड म्हणजे साधारण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत एखाद्या तरुणाने जशी बनवली असती तशी गाडी. फायबरची बॉडी, एसी, संगणकावर चालणारे इंजिन असेल तर ती वेगळ्या वर्गात जाते. मुद्दाम गंज दाखवणारी, कवट्या लावलेली गाडीही वेगळी. त्या प्रकारात काही वेल्डिंग असे असते, की त्या गाडीच्या मागे स्कूटर चालवायचीही भीती वाटावी.

कालमर्यादा पाळायची म्हणजे काम अवघड होते. दुकानातून आजचे तयार इंजिन आणून बसवले की प्रश्न मिटतो. पण १९३९ चा गिअरबॉक्स, १९४० ची चाके आणि दुसऱ्याच ट्रकचा स्टेअरिंग बॉक्स मॉडेल एच्या चासीवर एकत्र नांदवायचे असतील, तर प्रत्येक ब्रॅकेट स्वतः मोजून, कापून, जोडून बनवावा लागतो. हॉट रॉडमधले खरे इंजिनीअरिंग या जोडकामातच आहे.

कोणती गाडी कापायची?

माझ्या मते संपूर्ण गाडी बनवताना घ्यायचा सर्वांत जबाबदारीचा निर्णय हाच. नव्वद वर्षे जुनी, मूळ पत्रा, मूळ इंजिन, मूळ आसन शाबूत असलेली कूपे कापणे हा गुन्हा नसला, तरी करंटेपणा आहे. छप्पर एकदा कापले की मूळ गाडी परत येत नाही. याउलट शेतात वर्षानुवर्षे पडून तळ कुजलेला, इंजिन कुणीतरी कधीच काढून नेलेला सांगाडा असेल, तर त्याची हॉट रॉड करणे म्हणजे भंगारात जाणारी गाडी वाचवणे. आता तर मॉडेल ए आणि १९३२ च्या फोर्डच्या पोलादी बॉडी नव्याने ठोकून देणारे कारखानेही अमेरिकेत आहेत. त्यामुळे ‘दुसरा पर्यायच नव्हता’ ही सबब फारशी उरत नाही.

दुसरी बाजूही आहे. १९४० च्या दशकात कापलेली गाडी आज स्वतःच इतिहास झाली आहे. १९९७ मध्ये पेबल बीच या जगातल्या सर्वांत प्रतिष्ठेच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाने हॉट रॉडना पहिल्यांदा स्वतंत्र वर्ग दिला. अशी एखादी गाडी मिळाल्यावर तिला ‘मूळ रूपात’ आणायला गेलात, तर उलट ठेवाच नष्ट कराल.

आधी थांबायचे, मग पळायचे

नवखा माणूस इंजिनापासून सुरुवात करतो, जाणकार ब्रेकपासून. मॉडेल एचे ब्रेक यांत्रिक होते. पेडल दाबले की सळ्या ओढल्या जात आणि ड्रममध्ये शू फाकत. चारही सळ्या नीट जुळवलेल्या नसतील तर गाडी एका बाजूला ओढते. प्लिमथने १९२८ मध्येच हायड्रॉलिक ब्रेक दिले होते, पण फोर्डने ते थेट १९३९ मध्ये स्वीकारले. म्हणूनच १९३९ ते १९४८ दरम्यानच्या फोर्डचे ब्रेक काढून जुन्या गाडीला लावणे ही हॉट रॉडवाल्यांची ठरलेली पद्धत झाली.

हिशोब शाळेतलाच आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ७० किलोमीटरवरून १०० वर गेलात की ब्रेकना जवळपास दुप्पट ऊर्जा पचवावी लागते. इंजिन दुप्पट ताकदीचे बसवले आणि ब्रेक जुनेच ठेवले, तर ती गाडी फक्त सरळ आणि रिकाम्या रस्त्यासाठी बनली, असे समजा. त्या काळच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्येही एक मोठी उणीव होती. चारही चाकांना एकच तेलाची वाट. कुठेही एक नळी फुटली की पेडल थेट तळाला. आजच्या गाड्यांत दोन वेगळ्या वाटा असतात. परंपरावादी नाक मुरडतील, पण फळीखाली कुणाला न दिसणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवायला काय हरकत आहे? परंपरेसाठी जिवावर उदार होण्यात अर्थ नाही.

अशीच दुसरी गोष्ट म्हणजे पेट्रोलची टाकी. मॉडेल एमध्ये ती डॅशबोर्डच्या जागीच आहे, म्हणजे जवळजवळ तुमच्या गुडघ्यांवर. पंप नको, पेट्रोल स्वतःच्या वजनाने कार्ब्युरेटरमध्ये उतरते. कल्पना सुरेख, पण धडक झाली तर? बरेच जण ती टाकी मागे हलवतात आणि ते बरोबरच करतात.

चासी नंतर येते. मॉडेल एची चासी बारीक आहे. व्ही-८ ची ओढ सोसायची तर तिला आतून पट्ट्या जोडून मजबूत करावी लागते, किंवा १९३२ ची दणकट चासी वापरावी लागते. पुढे एकसंध अ‍ॅक्सल आणि आडवी पाट्यांची स्प्रिंग. अ‍ॅक्सल पाच-सात अंश मागे झुकलेला हवा, म्हणजे स्टेअरिंग सोडल्यावर चाके आपोआप सरळ होतात. हा कोन चुकला की एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाके थडथड हलू लागतात आणि गाडी हातात राहत नाही. कोनमापकाने पाच मिनिटांत तपासता येणारी ही गोष्ट आहे.

आणि रंग? तो सर्वांत शेवटी. आधी संपूर्ण गाडी कच्च्या पत्र्यावरच उभी करायची, चाके पूर्ण वळवून बघायची, पेडल पायाला लागते का, गिअरची दांडी गुडघ्याला अडते का ते पाहायचे. मग सगळे परत सुटे करून रंगवायचे. या टप्प्यावर अनेकांचा धीर सुटतो. अर्धवट सुटी केलेली गाडी खोक्यांसह विकायला निघते ती इथेच.

छप्पर कापणे

या कामाला ‘चॉप’ म्हणतात. खिडक्यांच्या उंचीतून तीन-चार इंचांची पट्टी कापून काढायची आणि छप्पर खाली बसवून जोडायचे. ऐकायला सोपे वाटते. कापण्याआधी दारांच्या चौकटीत आतून लोखंडी पाइप जोडून बॉडी जखडावी लागते, नाहीतर कटर फिरताच ती पसरते आणि दारे परत कधीच नीट बसत नाहीत. मॉडेल एचे खांब बरेचसे उभे असल्याने वरचा आणि खालचा तुकडा जवळपास जुळतो. पुढच्या काळातल्या गोलाकार गाड्यांत खांब तिरके असतात. छप्पर खाली आणले की ते एकमेकांसमोर येतच नाहीत. मग छप्पर मधून कापून लांब करा किंवा खांब वाकवा.

पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा. सलग वेल्डिंग केले तर तो तापून पापडासारखा वाकतो. म्हणून इथे एक टाका, तिकडे एक टाका, मध्ये थंड होऊ द्यायचे, मग हातोडीने बसवायचे. घाई केली की खड्डे बुजवायला पुट्टीचे थर आले. आपल्या गल्लीतला डेंटिंगवाला हे गणित तोंडपाठ सांगेल.

इंजिनाबद्दल थोडक्यात. फोर्डच्या त्या व्ही-८ मध्ये धूर बाहेर नेणारे मार्ग ब्लॉकच्या आतून जातात, त्यामुळे ते गरम होण्यासाठी बदनाम आहे. जुना ब्लॉक घेताना व्हॉल्व्हजवळ तडा नाही ना, हे तपासल्याशिवाय त्यावर एक रुपयाही खर्च करू नये. ताकद वाढवायची तर जास्त कार्ब्युरेटर आणि नंतरच्या मर्क्युरीचा लांब स्ट्रोकचा क्रँक हे जुने उपाय. १९५५ मध्ये शेव्हर्लेचे छोटे व्ही-८ आले आणि ताकदीच्या शर्यतीत फोर्डचे इंजिन मागे पडले. आता ते वापरतात ते आवाजासाठी आणि प्रेमापोटी.

कागदपत्रांचे काय?

मूळ चासी आणि तिची कागदपत्रे असतील तर अमेरिकेत ती गाडी बहुधा मूळ सालाच्याच नावावर धावते. सुट्या भागांतून उभ्या केलेल्या गाडीसाठी राज्यागणिक नियम वेगळे. धुराच्या बाबतीत सर्वांत कडक असलेल्या कॅलिफोर्नियानेही वाट ठेवली आहे. तिथल्या कायद्यानुसार दरवर्षी अशा ५०० गाड्यांना सवलत मिळते. गाडी किंवा इंजिन ज्या सालाचे वाटते, त्या सालाचे धुराचे निकष तिला लागतात. ब्रिटनमध्ये घरी बनवलेल्या एकट्या गाडीची सरकारी तपासणी होते. उत्तीर्ण झाली तर नंबर मिळतो.

भारतात काय परिस्थिती?

आपल्याकडे हा दरवाजा बंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजीसारख्या इंधनबदलाला किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी केलेल्या बदलाला सवलत आहे. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आणली.

जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम आले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. म्हणजे गोदामात कुजलेला सांगाडा आणि शाबूत गाडी यांना एकच माप. पहिल्या प्रकाराला कायदेशीर भविष्यच नाही.

कायद्यामागचे कारण मान्य करायला हवे. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर, डोळे दिपवणारे दिवे, मनाला येईल तशी लांब केलेली जीप हे आपण रोज सोसतो. सरसकट सूट द्या, असे कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण सरसकट बंदी आणि सरसकट सूट यांच्या मध्ये तपासणी नावाची गोष्ट असते. गाड्या तपासणारी एआरएआयसारखी संस्था पुण्यातच आहे. वर्षाला मोजक्या घरगुती गाड्या, आधी आराखडा, मग ब्रेक, स्टेअरिंग, वेल्डिंग आणि धूर यांची परीक्षा, मर्यादित वापराचा नंबर, आणि शाबूत जुनी गाडी कापायला मात्र मनाई. एवढी वाट ठेवली तर रस्ते असुरक्षित होतील, असे मला वाटत नाही. आज जे चोरून होते ते निदान कुणीतरी तपासेल.

तोवर भारतातल्या विद्यार्थ्यासाठी शून्यातून गाडी उभी करण्याची राजमान्य जागा म्हणजे ‘बाहा’सारखी स्पर्धा. २००७ पासून इंदूरजवळच्या पिथमपूरला ती भरते, महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांचे संघ तिथे जातात. नळ्या वाकवून सांगाडा जोडतात, छोट्या इंजिनावर गाडी पळवतात. मैदानात उतरण्याआधी ब्रेक मारून चारही चाके एकदम जाम करून दाखवावी लागतात, नाहीतर प्रवेश नाही. ती परीक्षा उत्तीर्ण झालेल्या गाडीलाही रस्त्यावरचा नंबर मिळत नाही. ती टेम्पोतून स्पर्धेला जाते आणि टेम्पोतूनच कॉलेजात परत येते.