रोपवेची उंची आणि सुरक्षेची खोली

अहमदपूर (वार्ताहर) : उन्हाळी सुट्टीत मराठवाड्याचा पारा चढला की अनेक कुटुंबे थंड हवेकडे वळतात. काश्मीरच्या सहलीत गुलमर्गची गोंडोला सहसा चुकत नाही. १९९८ मध्ये कोंगडोरीपर्यंत सुरू झालेली ही सेवा २००५ मध्ये अफरवाटपर्यंत पोहोचली. राज्यात रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे. पायऱ्या न झेपणाऱ्या ज्येष्ठांनाही त्यामुळे गडदर्शन घडते.

मात्र, या सोयीची दुसरी बाजूही आहे. जून २०१७ मध्ये गुलमर्गला वादळी वाऱ्याने उन्मळलेले झाड केबलवर कोसळून सात जणांचा बळी गेला. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडमधील त्रिकूट पर्वतावर रोपवे बंद पडला. अधांतरी अडकलेल्या पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. तीन जण दगावले, त्यांतील दोघे सुटकेच्या प्रयत्नात पडून.

म्हणजे प्रश्न केवळ यंत्राचा नाही. मार्गालगतची झाडे, वाऱ्याची मर्यादा आणि सुटकेची तयारी यांवरही प्रवाशांचा जीव अवलंबून असतो. केंद्राच्या 'पर्वतमाला' योजनेतून नवे रोपवे उभे राहत असताना स्वतंत्र तपासणीचा अहवाल तिकीट खिडकीवरच लावणे बंधनकारक व्हावे. वाऱ्यामुळे फेरी रद्द झाल्यास पर्यटकांनीही हट्ट धरू नये. हुकलेली फेरी पुन्हा करता येते!