यादीत साडी नाही
हजारो फोटोंच्या ढिगातून संगणक हवा तो फोटो चटकन काढून देतो, कारण प्रत्येकाला त्याने आधीच नाव चिकटवलेलं असतं. ही नावं येतात कुठून? फोटो ओळखण्याच्या २०१२च्या इमेजनेट स्पर्धेत अ‍ॅलेक्सनेट नावाच्या प्रणालीने बाजी मारली आणि तिथली १,००० नावांची यादी संशोधकांची बाराखडी झाली. तीत कुत्र्यांच्या शंभरावर जाती आहेत, किमोनो, अबाया, सराँगही आहे. साडी नाही! निव्वळ तेवढ्यावर शिकलेलं यंत्र काष्ट्याचं लुगडं नेसलेल्या आजीच्या फोटोला दुसरंच काहीतरी नाव ठोकून देणार. पुढची यंत्रं फोटोंसोबतच्या मजकुरावरून शिकली, ती साडी ओळखतात. पण इरकल, खण? ते ओळखता यावेत, तर तसा मजकूर आपणच लिहायला हवा. घरचे अल्बम स्कॅन करताना कोण, कुठलं गाव, कोणतं लुगडं, एवढं तरी मराठीत टिपून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच.