आधी रसद, मग तोफ

सुट्टी संपवून परत आलो की पहिले दोन दिवस डॉर्ममध्ये एकच विषय असतो : घरच्या कॉम्प्युटरला कोणी कोणते ग्राफिक्स कार्ड बसवले. कार्डाचे नाव, मेमरी किती जीबी, कोणत्या गेमला किती फ्रेम मिळतात, सगळे विचारून होते. एसएमपीएस कोणता, हे मात्र मला आजपर्यंत कोणी विचारलेले नाही. मीही कोणाला विचारत नव्हतो. आता माझे मत असे झाले आहे की कार्डासाठी पैसे साठवायच्या आधी एसएमपीएसचा हिशेब मांडावा आणि त्याचा खर्च पहिल्यांदा बाजूला काढावा. हे मत मला बरेच महाग पडले आहे, म्हणून ते इथे लिहितो.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधली ती पत्र्याची पेटी, जिला मागून वायर लावतो. भिंतीतली 230 व्होल्टची एसी वीज घेऊन ती 12, 5 आणि 3.3 व्होल्टची डीसी वीज देते. कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात जास्त खाणारे दोघे, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, मुख्यतः 12 व्होल्टवर जगतात. पेटी स्वतः काही दाखवत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही.

आमचा कॉम्प्युटर 2020 मध्ये ऑनलाइन वर्गासाठी जोडून घेतलेला. प्रोसेसर कोअर आय5 10400, आणि कॅबिनेटबरोबर आलेला 450 वॅटचा एसएमपीएस. गेल्या उन्हाळ्यात मी बक्षिसाचे आणि दिवाळीचे साठवलेले पैसे दिले, उरलेले बाबांनी घातले आणि आम्ही आरटीएक्स 3060 आणले. त्या वेळी गावाहून आजोबा आले होते. मी कार्ड बसवताना ते खुर्ची ओढून बघत बसले आणि म्हणाले, "मोटर मोठी बसवलीस, मग स्टार्टर आणि केबल बदललीस का?" आमच्या विहिरीवर त्यांनी 5 एचपीची मोटर काढून 7.5 ची बसवली, तेव्हा आधी केबल जाड घेतली होती. मी हसून म्हणालो, "आजोबा, हे कॉम्प्युटरचं आहे. 450 वॅट पुरे होतात." मी ते कुठेही तपासलेले नव्हते.

कार्डाला 8 पिनची वायर लागत होती आणि आमच्या एसएमपीएसला ती नव्हतीच. तिथेच मी थांबायला हवे होते. पण दुकानदाराने हार्ड डिस्कच्या वायरींना जोडायचा एक कन्व्हर्टर दिला आणि "चालतं, सगळे लावतात" म्हणाला. आठ दिवस चालले. मग गेम रंगात आला की कॉम्प्युटर आपोआप बंद पडू लागला. मी विंडोज पुन्हा टाकले, ड्रायव्हर बदलले, कार्डालाच दोष दिला. एका संध्याकाळी फट् असा आवाज आला आणि जळका वास सुटला. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. कार्ड वाचले. हार्ड डिस्कमध्ये ताईचा बारावीचा प्रोजेक्ट होता. ती मला एक शब्दही बोलली नाही. दोन रात्री जागून तिने तो पुन्हा टाइप केला. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते.

नंतर मी जळलेल्या पेटीवरचे लेबल पहिल्यांदा नीट वाचले. मोठ्या अक्षरात 450 होते. खाली छोट्या तक्त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात 14 अँपिअर लिहिले होते. आठवीतला गुणाकार आहे : 12 गुणिले 14 म्हणजे 168 वॅट. आरटीएक्स 3060 एकटे 170 वॅटपर्यंत मागते. प्रोसेसरवर 65 वॅट लिहिलेले असले तरी जोर लागला की तो शंभराच्या वर जातो. म्हणजे 168 च्या पुरवठ्यावर मी पावणेतीनशेहून जास्त मागणी लादली होती. लेबल पहिल्या दिवसापासून खरे सांगत होते, मी वाचले नव्हते.

यावर दोन मते ऐकू येतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. पहिले मत : "एसएमपीएस कोणताही चालतो, पैसे कार्डात घाल." कार्ड खराब निघाले तर फक्त कार्ड जाते. एसएमपीएस खराब निघाला तर त्याला जोडलेले काहीही जाऊ शकते. चांगल्या पेटीत जास्त करंट, जास्त व्होल्टेज किंवा शॉर्ट सर्किट झाले तर स्वतः बंद होण्याची सोय असते. स्वस्त पेटीत नेमकी तीच सोय वाचवलेली असते.

दुसरे मत : "डोक्याला ताप नको, सरळ 1000 वॅटचा घे." यात धोका नाही. 1000 वॅटची पेटी सतत 1000 वॅट ओढते हा गैरसमज आहे, आतले भाग मागतील तेवढेच ती देते. पण कार्ड, प्रोसेसर आणि बाकीचे मिळून माझी गरज साधारण 350 वॅटची. आरटीएक्स 3060 साठी एनव्हीडियाचीच शिफारस 550 वॅटची आहे. मग उरलेल्या साडेचारशे वॅटचे पैसे बाबांनी का द्यायचे? न मोजता कमी घेणे आणि न मोजता जास्त घेणे, दोन्हीमध्ये आळस तोच.

मोजायला अर्धा तास पुरतो. कार्डाचे वॅट, प्रोसेसरचे जास्तीत जास्त वॅट आणि बाकीच्यासाठी पन्नासेक वॅट यांची बेरीज करावी. कार्ड क्षणभर नेहमीपेक्षा बरेच जास्त ओढते, म्हणून वर मोकळी जागा ठेवावी. मग लेबलवरचा 12 व्होल्टचा आकडा बघावा. चांगल्या 550 वॅटच्या पेटीत जवळजवळ सगळे वॅट 12 व्होल्टवर मिळतात. वायरी मोजाव्यात : मदरबोर्डच्या स्लॉटमधून 75 वॅट, 6 पिनमधून 75 आणि 8 पिनमधून 150 वॅट मिळतात, आणि लागणारी वायर पेटीचीच असावी, कन्व्हर्टरची नको. वॉरंटीही बघावी. चांगल्या पेट्यांना पाच, सात, कधी दहा वर्षांची असते.

80 प्लसचे स्टिकर सगळेच बघतात, पण ते वाया जाणाऱ्या विजेबद्दल सांगते. आत 300 वॅट लागत असतील तर 80 टक्के कार्यक्षमतेची पेटी भिंतीतून 375 वॅट घेते, 90 टक्क्यांची साधारण 333. बाकीची उष्णता होते. ब्राँझ किंवा गोल्ड असणे चांगलेच, पण बिघाडाच्या वेळी पेटी कशी वागेल याची खात्री ते स्टिकर देत नाही. यूपीएसही विसरू नये. 600 व्हीए लिहिलेल्या यूपीएसवर बहुतेक वेळा 360 वॅटच लिहिलेले असतात, आणि मॉनिटरही त्याच्यावरच असतो. आणखी एक, जळलेली पेटी उघडून बघू नये. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहते.

पानिपतचा धडा आपण सगळ्यांनी वाचला आहे. मराठ्यांकडे इब्राहीमखान गारद्याचा तोफखाना होता. पण रसद तुटली होती, आणि 14 जानेवारी 1761 रोजी सैन्य उपाशीपोटी लढाईला उतरले. पराभवाची कारणे अनेक होती, पण रसदीचे कारण कोणीही नाकारत नाही. कॉम्प्युटरची तुलना पानिपताशी करू नये हे मला कळते. तरी सवय तीच आहे : तोफ दिसते म्हणून तिचे कौतुक होते आणि रसद दिसत नाही म्हणून ती शेवटी आठवते.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाने कार्ड मागितले तर नाही म्हणू नका, पण त्याच्याकडून आधी एका कागदावर ही बेरीज मागा. ज्याला ती करता येत नाही, त्याने अजून कार्ड घेऊ नये. मित्रांनो, तुम्हाला कोणी आजोबांसारखा साधा प्रश्न विचारला तर हसू नका. उत्तर येत नसेल तर "बघून सांगतो" म्हणा आणि खरेच बघा.

दिवाळीच्या सुट्टीत मी 550 वॅटचा नवा एसएमपीएस बसवला. त्यासाठी जवळ ठेवलेले सगळे पैसे गेले. बसवण्याआधी लेबलचा फोटो काढून आजोबांना पाठवला. त्यांचे उत्तर आले, "आता ताईचं काम दुसऱ्या जागीही ठेव." तेही केले.