वंध्यत्वचिकित्सा आणि पतीचे वीर्यपरीक्षण

ओतूरसारख्या गावी अपत्यहीन दांपत्य वैद्याकडे येते, तेव्हा बहुधा पत्नीच्याच तपासण्यांचे कागद पुढे ठेवले जातात; पतीचे वीर्यपरीक्षण झालेलेच नसते. वृषणातील सूक्ष्म शुक्रजनक नलिकांत, सर्टोली पेशींच्या आधाराने, मूळ पेशीपासून शुक्राणू घडण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. पुढे अधिवृषणात त्यास गतिसामर्थ्य प्राप्त होते. सुश्रुताचार्यांनी रसापासून शुक्रधातू निर्माण होण्यास एक मास सांगितला आहे. ही धातुनिर्मिती आणि शुक्राणुनिर्मिती एकच समजून वाजीकरण चिकित्सेच्या यशापयशाचा निर्णय महिनाभरात देणे अयोग्य होय. वैद्यबंधूंनी चिकित्सेपूर्वी पतीचे वीर्यपरीक्षण अवश्य करवावे व तीन महिन्यांनी पुन्हा करवावे. शुक्राणू मुळीच न आढळल्यास रुग्णास विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावे. अन्यथा आपल्या संकोचाचे फळ निरपराध स्त्रीस भोगावे लागते.